एप्रिलअखेर फ्रेंडशिप पीक: हिमस्खलनाचा धोका किती धरायचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काय समजलो ते तुम्हाला कळेल. पुण्यातले सहा जण. दोघांचा गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स झालेला, बाकीचे चौघे सह्याद्रीत मुरलेले. महाराष्ट्र दिनाची सुट्टी जोडून २४ एप्रिल ते २ मे असा बेत, मनालीजवळचं ५,२८९ मीटरचं फ्रेंडशिप पीक. एजन्सी नको, ओळखीचा एक स्थानिक गाइड बरोबर. तुम्ही विचारलंय की एप्रिलअखेर त्या भागात ॲव्हलांच येतात का, गाइड ‘कुछ नहीं होता’ म्हणतोय त्यावर विसंबावं का, आणि बीकन (बर्फात गाडलेल्याला शोधायचं छोटं रेडिओयंत्र) विकत घ्यावेत का.

तिन्हींची उत्तरं देतो. पण पहिला प्रश्न जसा विचारलाय तसा सोडवता येत नाही. ‘एप्रिलअखेर हिमस्खलन होतं का’ हे ‘जुलैत सह्याद्रीत दरडी कोसळतात का’ असं विचारण्यासारखं आहे. कोसळतात. म्हणून आपण जुलैत घरी बसत नाही. कुठली वाट टाळायची, किती पाऊस झाला की बेत रद्द करायचा, हे बघतो. बर्फातही प्रश्न तीन तुकड्यांत विचारावा लागतो: कुठला उतार, कुठला दिवस, किती वाजता. महिना त्यात सगळ्यात कमी सांगतो.

यातला ‘कुठला दिवस’ पुण्यात बसून कळणार नाही. ‘किती वाजता’ याचा अंदाज बांधता येतो. ‘कुठला उतार’ हे मात्र आज रात्री, जेवण झाल्यावर, लॅपटॉपवर पूर्ण कळू शकतं. गेली बावीस वर्षं मी पुण्यातून मुलांना हिमालयात नेतोय, त्यातले पाच हिवाळे गुलमर्ग आणि सोलंगच्या बाजूला काढले, आणि अजूनही बर्फाचं मला पूर्ण कळतं असं म्हणायची माझी छाती होत नाही. उतार मात्र कळतो. म्हणून बर्फ वाचता येत नसेल तोवर उतार वाचा, हाच माझ्या उत्तराचा कणा समजा.

स्लॅब प्रकारचं हिमस्खलन, म्हणजे बर्फाचा अख्खा पापुद्रा फरशीसारखा सुटून खाली येणं, हे बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतं. सगळ्यात जास्त ३८ अंशांच्या आसपास. पंचविशीच्या खाली कोरडी स्लॅब क्वचितच सुटते. ५५-६० च्या वर बर्फ मुळात साठतच नाही, पडतो तसा थोडा थोडा झडत राहतो. आता ३० अंश म्हणजे किती? तुमच्या सोसायटीचा जिना. आपल्याकडच्या इमारतींचे जिने साधारण ३० ते ३५ अंशांत असतात. जिन्याच्या खालच्या पायरीवर उभे राहून वर बघा आणि तो उतार दोनशे मीटर लांब, पांढरा, गुळगुळीत आहे अशी कल्पना करा.

इथेच आपली सह्याद्रीतली नजर दगा देते. आपल्याला ‘अवघड’ म्हणजे कातळटप्पा, ‘खतरनाक’ म्हणजे घसाऱ्यावरचा आडवा ट्रॅव्हर्स. ज्याने ऐंशी अंशांच्या खोबण्या चढल्यात त्याला ३५ अंशांचा बर्फाळ उतार म्हणजे बागेतला रस्ता वाटतो. बर्फात पायाला पकड मिळते, पडलं तरी लागत नाही, फोटो छान येतात. आणि नेमका तोच उतार सुटायला सगळ्यात तयार असतो. माझ्याबरोबर आलेल्या सह्याद्रीतल्या पोरांनी ‘सर, हे तर सोपंय, सरळ कापून जाऊ’ असं जिथे जिथे म्हटलं, तिथे मी मोबाइल काढून कोन मोजला तर आकडा बहुतेक वेळा तिशीच्या पुढेच निघाला आहे.

मोबाइलमध्ये कोन मोजायची सोय असते. ट्रेकिंग पोल उतारावर आडवा टाकायचा, त्यावर फोन ठेवायचा, आकडा वाचायचा. पण हे तिथे पोचल्यावर, आणि तेही धोक्याच्या उतारावर पाय न ठेवता. घरी बसून करायचं काम वेगळं: उताराच्या कोनानुसार रंग भरून दाखवणारे नकाशे आता फोनवर मिळतात. धुंडी, बकरथाच, लेडी लेग, वरचा कॅम्प, शिखर अशी तुमची वाट त्यावर आखा आणि जिथे जिथे रेषा तिशीच्या वरच्या रंगातून जाते तिथे खूण करा. शिखराआधीचे उतार तिशी ओलांडतात हे दिसेलच. पण खालच्या ‘सोप्या’ टप्प्यातही खुणा पडतील, आणि त्या तुम्हाला अपेक्षित नसतील. मात्र असे नकाशे छोटे उंचवटे गिळतात. वीस मीटरचा एखादा तीव्र टप्पा त्यात दिसत नाही, म्हणून रंग नाही म्हणजे धोका नाही असं धरू नका.

दुसरी गोष्ट, जी बेसिक कोर्सवाले हमखास विसरतात: तुम्ही कुठल्या उतारावर आहात एवढंच बघून भागत नाही, तुमच्या डोक्यावर काय आहे तेही बघावं लागतं. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट केली असेल तर हे वेगळं समजवायला नको. वरच्या ग्रुपने दगड सोडला की तो नळीत असलेल्या प्रत्येकाचा असतो. हिमस्खलनाचंही तसंच. सुटतं वर, येतं खाली, आणि सपाटीवर आल्यावरही बरंच पुढे पळतं. ढोबळ हिशेब असा: तुम्ही उभे आहात तिथून वरच्या बर्फाळ उताराच्या माथ्याकडे बघा. नजरेचा कोन पंचवीस अंशांहून जास्त असेल तर तुम्ही त्याच्या टप्प्यात असू शकता, मग पायाखाली क्रिकेटचं मैदान असलं तरी. मोठ्या स्खलनांनी याहून लांब मजल मारल्याची उदाहरणं आहेत.

२८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथजवळ माणा इथे सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांच्या छावणीवर हिमस्खलन आलं. ती माणसं कुठला उतार चढत नव्हती, आपापल्या मुक्कामात होती. ५४ जण अडकले, आठ गेले, ४६ वाचले. लोखंडी कंटेनरमध्ये होते म्हणून बरेच जण वाचले. तुमच्याकडे कापडी तंबू असणार. म्हणून गाइडला वाट विचारण्याआधी तंबू कुठे लावणार ते विचारा आणि ती जागा त्याच नकाशावर तपासा. पाणी जवळ आहे, वारा लागत नाही, जागा सपाट आहे, ही तिन्ही कारणं नाळेच्या, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळीच्या, तोंडाशी पण लागू पडतात.

आता बर्फाकडे. आपल्या मराठीत स्नो आणि आइस दोन्हींना बर्फच, त्यामुळे आपल्याला वाटतं की डोंगरावर एकच एक पांढरा पदार्थ पडलेला आहे. प्रत्यक्षात तो थरांचा गठ्ठा असतो. प्रत्येक बर्फवृष्टी म्हणजे एक थर, प्रत्येक वाऱ्याचा दिवस म्हणजे एक थर, प्रत्येक कडक उन्हाचा दिवस म्हणजे वर एक कडक पापुद्रा. स्लॅब सुटायला चार गोष्टी लागतात: पुरेसा उतार, वर एकसंध थर, त्याच्याखाली एक कच्चा थर, आणि धक्का. धक्का बऱ्याचदा आपणच असतो. जगभरच्या अपघातांत दहापैकी नऊ वेळा अडकलेल्याने किंवा त्याच्या सोबत्यानेच तो उतार सोडवलेला असतो. माळीणच्या डोंगराशी तुलना करायची तर इथे फरक पडतो. माळीणला झोपलेल्या माणसांवर डोंगर आला, त्यांच्या हातात काही नव्हतं. बर्फात बहुतेक वेळा आपण स्वतः चालत जाऊन कळ दाबतो. (ओरडल्याने ॲव्हलांच येतो हे सिनेमातलं. हाक मारायची असेल तेव्हा बिनधास्त मारा.)

कच्चा थर कसा तयार होतो ते एका उदाहरणाने सांगतो, कारण हे कळलं की हवामानाच्या बातम्या वेगळ्या वाचता येतात. जमिनीलगत बर्फाचं तापमान शून्याच्या आसपास राहतं. वर रात्री उणे पंधरा. बर्फ दोन मीटर जाड असेल तर हा फरक दर दहा सेंटिमीटरला पाऊण अंश पडतो, काही बिघडत नाही. तोच बर्फ अर्धा मीटर असेल तर दर दहा सेंटिमीटरला तीन अंश. एका अंशाच्या वर गेलं की आतली वाफ खालून वर सरकते आणि कण एकमेकांना चिकटायचं सोडून टोकदार, सुटे, रवाळ होतात. मुठीत घेतले तर जाड्या साखरेसारखे बोटांतून निसटतात, गोळा वळत नाही. म्हणजे कमी बर्फाचा हिवाळा सुरक्षित असं जे आपल्याला वाटतं ते उलटं आहे. पातळ, थंड, निरभ्र हिवाळा पाया कच्चा करतो, आणि मग त्यावर एकदम मोठी बर्फवृष्टी झाली की साखरेवर फरशी ठेवल्यासारखं होतं.

२०२४ चा जानेवारी आठवा. गुलमर्ग कोरडं पडल्याचे फोटो सगळीकडे फिरत होते. मग फेब्रुवारीत पश्चिमी चक्रावात, म्हणजे पश्चिमेकडून येणारी बर्फाची वादळं, आले, बर्फ धो धो पडला, स्की करणारे खूश झाले, आणि २२ फेब्रुवारीला तिथल्या हिमस्खलनात एक रशियन स्कीअर गेला. कोरडा जानेवारी, मग जड फेब्रुवारी हा क्रम दिसला की मी माझे बेत आपोआप खालच्या, झाडीच्या, मवाळ उतारांवर आणतो.

तुमचं शिखर पीर पंजाल या डोंगररांगेत आहे. ढोबळ मानाने तिथे बर्फ भरपूर, तुलनेने उबदार आणि जड. लडाख-काराकोरमसारखा पातळ आणि कोरडा नाही. अशा ठिकाणी बरीच स्खलनं वादळ चालू असताना किंवा थांबल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत होतात. मग बर्फ दबतो, बसतो. म्हणून ताजा बर्फ पडल्यावर किमान ४८ तास तीव्र उतारांना हात लावायचा नाही, हा माझ्या ग्रुपचा कायदा आहे. २४ तासांत तीस सेंटिमीटर पडला असेल किंवा जोराचा वारा सुटला असेल तर त्याहूनही जास्त. वारा एका बाजूचा बर्फ उचलून धारेपलीकडे टाकतो. आभाळातून फूटभर पडलेला असतो आणि वाऱ्याआड तीन फूट साचलेला. त्याच धारेवर बाहेर लोंबणारा बर्फाचा छज्जा तयार होतो. त्याच्याखालून जायचं नाही आणि त्याच्यावर उभं राहायचं नाही. तो तुटतो तेव्हा तुम्हाला वाटतं त्याच्या बराच आत, धारेच्या बाजूला तुटतो.

आणि आता एप्रिलअखेर. इथे माझं मत तुमच्या बेताच्या विरोधात जातं, म्हणून कारण नीट सांगतो. हिवाळ्यात बर्फ वरून थंड, खाली शून्य असा असतो. वसंतात तो हळूहळू वरपासून खालपर्यंत शून्य अंशाला येतो, वितळलेलं पाणी आत झिरपतं, रात्री गोठतं, आणि असं बरेच दिवस झालं की सगळे जुने थर एकजीव होऊन कडक होतात. मेअखेर-जूनमध्ये पहाटे तो बर्फ क्रॅम्पॉनखाली (बुटांना लावायच्या लोखंडी काट्यांखाली) काँक्रीटसारखा वाजतो. पण मधला काळ, म्हणजे पाणी पहिल्यांदाच खोल उतरून कच्च्या थरापर्यंत किंवा एखाद्या कडक पापुद्र्यापर्यंत पोचतं तो काळ, वाईट असतो. पाणी तिथे अडतं, थर वंगण घातल्यासारखा होतो. खालच्या उंचीवर हा काळ आधी येतो, वर नंतर. तुमच्या वाटेवर साडेतीन-साडेचार हजार मीटरच्या पट्ट्यात तो एप्रिलअखेरीला चालू असण्याची दाट शक्यता. त्यात एप्रिलमध्ये पश्चिमी चक्रावात थांबलेले नसतात, एखाद्या दुपारी वर ताजा अर्धा फूट पडून जातो. दर वर्षी सारखं नसतं. कमी बर्फाच्या वर्षी हे लवकर आटपतं, उशिरा बर्फ पडला तर मेमध्ये ढकललं जातं. पण मला निवड दिली तर मी तुमच्या ग्रुपला मेचा शेवटचा आठवडा किंवा जूनचा पहिला सांगेन. महाराष्ट्र दिनाची सुट्टी डोंगराला माहीत नसते.

ओल्या बर्फात सगळा खेळ घड्याळाचा. रात्री आभाळ निरभ्र असेल तर बर्फ आपली उष्णता आकाशात सोडतो आणि घट्ट गोठतो. ढगाळ रात्री पारा कमी दिसला तरी नीट गोठत नाही. ढग पांघरुणासारखे काम करतात. म्हणून पहाटे दोनला तंबूबाहेर आल्यावर मी पहिलं बघतो ते चांदण्या दिसतात का. मग बूट आपटतो. पाऊल उमटत नसेल तर निघायचं. पावलागणिक घोट्यापर्यंत आत जात असेल तर चहा करून परत झोपायचं, शिखर गेलं खड्ड्यात. सूर्य पूर्वेकडच्या उतारांना आधी लागतो, मग दक्षिणेकडच्या, दुपारी पश्चिमेकडच्या. उत्तरेकडचे थंड राहतात, पण त्यांत हिवाळ्यातला कच्चा थर जास्त दिवस जिवंत राहतो, त्यामुळे तिकडे वेगळी काळजी. चढाई-उतराई मिळून तुम्ही सकाळी नऊ-साडेनवाच्या आत तीव्र उतारांवरून खाली हवेत.

अंदाज बांधायला एक हिशेब देतो. हवामानाचं ॲप ‘मनाली’ दाखवतं ते सुमारे दोन हजार मीटरवरचं. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश वजा करा. मनालीत किमान आठ अंश असेल तर साडेचार हजारावर उणे आठच्या आसपास, म्हणजे गोठायला हरकत नाही. मनालीतच किमान चौदा-पंधरा आणि ढग, तर चार हजारावर रात्रभर जेमतेम शून्याच्या आसपास. त्या दिवशी वर जाऊ नका.

हे सगळं मला माहीत असूनही मी एकदा चुकलोय, ते लिहितो. मेचा दुसरा आठवडा, शिखर करून परत येत होतो. निघायला तासभर उशीर झाला होता, वर फोटोंत आणखी अर्धा तास गेला. साडेअकराला एका पूर्वेकडच्या उताराशी आलो. धारेवरून वळसा घेतला असता तर चाळीस मिनिटं जास्त. उतारावर आदल्या दिवशीच्या एका ग्रुपची पावलं ठळक दिसत होती. मी म्हटलं, जाऊ. गुडघाभर रुतत गेलो, वरून बर्फाचे छोटे गोळे भेंडोळ्यासारखे गुंडाळत खाली येत होते, ते मी बघितले आणि बघून न बघितल्यासारखं केलं. सहावा माणूस खडकावर पोचला आणि तीन-चार मिनिटांत मागून आवाज आला, वाळूचा डंपर रिकामा करतात तसा. ओलं स्खलन हळू येतं, तुमच्या डोळ्यांदेखत येतं. ते आमच्या पावलांवरून गेलं आणि खाली नाळेत जाऊन बसलं. कोणी काही बोललं नाही. कॅम्पवर आल्यावर ग्रुपमधल्या सगळ्यात लहान मुलीने विचारलं, ‘दादा, ती पावलं किती वाजताची होती?’ मी हा प्रश्न वर विचारायला हवा होता. आदल्या ग्रुपची पावलं सकाळी सातची असणार, आमची साडेअकराची. दुसऱ्याची पावलं उताराबद्दल काहीही सांगत नाहीत, फक्त त्या वेळी तो सुटला नाही एवढंच सांगतात.

डोंगर स्वतः ज्या खुणा देतो त्यांतली सगळ्यात स्पष्ट म्हणजे आजूबाजूच्या त्याच दिशेच्या उतारांवर ताजी स्खलनं दिसणं. याहून मोठा फलक कोणी लावणार नाही. दुसरी, पायाखाली ‘धप्प’ असा पोकळ आवाज होऊन बर्फ किंचित खचणं. सोलंगच्या वरच्या बाजूला फेब्रुवारीत एकदा मी तो आवाज ऐकलाय. रिकाम्या माळ्यावर पोतं टाकल्यासारखा, आणि मग पावलापासून पंधरा मीटर लांब चीर गेली. आम्ही वीस अंशांच्या उतारावर होतो म्हणून नुसतीच चीर गेली. तिथूनच परत फिरलो. तिसरी, तापमान झपाट्याने वाढणं आणि ती भेंडोळी. बर्फात खड्डा खणून थर बघायच्या, फावड्यावर थापट्या मारून थर कधी सुटतो ते तपासायच्या चाचण्या असतात, त्या शिका, शिकण्यासारख्या आहेत. पण एक खड्डा एका जागेचं सांगतो. वीस पावलांवर वेगळं असू शकतं. खड्ड्याने ‘वाईट’ सांगितलं तर ऐका, ‘चांगलं’ सांगितलं तर त्यावर जीव टांगू नका.

इथपर्यंतचं एकत्र करून सांगायचं तर: उतार आणि तंबूच्या जागा पुण्यात ठरवा, वेळ आदल्या रात्री आभाळ बघून ठरवा, आणि खुणा दिसल्या तर वाद न घालता फिरा.

सरकारी इशाऱ्यांबद्दल. डीआरडीओची डीजीआरई ही संस्था, म्हणजे मनालीत सुरू झालेली पूर्वीची सासे, काश्मीर, लडाख, हिमाचल, उत्तराखंडसाठी हिमस्खलनाचे इशारे देते. ते रोज बघायची सवय निघायच्या आधी पंधरा दिवसांपासून लावा, म्हणजे तिथे काय चाललंय याची गोष्ट तुमच्या डोक्यात तयार होते. पण इशारा जिल्ह्याचा किंवा मोठ्या भागाचा असतो, तुमच्या नाळेचा नाही. आणि धोक्याच्या पाच पायऱ्यांच्या मापात मधली तिसरी पायरी ऐकायला ‘मध्यम’ वाटते म्हणून फसू नका. युरोपातल्या आल्प्समध्ये सर्वाधिक बळी याच पायरीच्या दिवशी जातात. चौथ्या-पाचव्या पायरीला लोक घरीच बसतात.

गाइडचं काय? तुमचा गाइड खोटं बोलतोय असं मी म्हणणार नाही. तो तिथे शंभर वेळा गेलाय, त्याला वाट, पाणी, हवेचा वास सगळं माझ्याहून जास्त कळतं. अडचण अशी की हिमस्खलनाचा डोंगर चुकीला लगेच शिक्षा करत नाही. शंभरपैकी नव्व्याण्णव वेळा वाईट उतारही गप्प बसतो, आणि माणसाला वाटतं आपला निर्णय बरोबर होता. अनुभव वाढतो, पण धडा मिळत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्रशिक्षणार्थींवर हिमस्खलन आलं. २७ मृतदेह मिळाले, दोन जण सापडलेच नाहीत. त्यांत मुरलेले प्रशिक्षक होते. त्यांच्या चुका काढायला मी हे लिहीत नाही; अनुभव आणि संस्था पाठीशी असूनही हे होतं, एवढं तुमच्या डोक्यात राहावं म्हणून लिहितोय. म्हणून गाइडला ‘सेफ है क्या’ असं विचारू नका, त्याला एकच उत्तर आहे, ‘हो जाएगा साहब’. विचारा: मागच्या तीन दिवसांत किती पडलं? कुठल्या उतारावर सुटलेलं बघितलं? किती वाजता परत फिरायचं? कुठल्या कारणाने परत फिरायचं? शेवटच्याचं उत्तर देता आलं नाही तर दुसरा गाइड बघा. आणि परत फिरलो तरी पूर्ण पैसे देणार हे त्याला आधी, सगळ्यांसमोर सांगा. यापेक्षा स्वस्त सुरक्षासाधन मला माहीत नाही.

आता बीकन. गाडलेल्या माणसाला शोधायला तीन गोष्टी लागतात: ४५७ किलोहर्ट्झवर चालणारा बीकन, अडीच-तीन मीटरची प्रोब (बर्फात खुपसून चाचपायची काठी), धातूचं फावडं. प्रत्येकाकडे तिन्ही. सहा जणांत दोन बीकन म्हणजे शून्य बीकन, कारण गाडला जाणारा तिसराच असतो. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलं तर जगायची शक्यता नव्वद टक्क्यांच्या आसपास असते, अर्ध्या तासाने ती तीसच्या घरात येते. म्हणजे बचाव पथक, हेलिकॉप्टर, सगळं उशिराचं. जे करायचं ते तुम्हा सहा जणांनीच. सियाचीनमध्ये २०१६ साली लान्स नाईक हणमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले होते, ते उदाहरण लोक मला देतात. तो चमत्कारच होता, आणि तेही पुढे तीन दिवसांत गेले. आणखी एक: जे दगावतात त्यांतले सुमारे पाव आदळण्यामुळे जातात, तिथे बीकन काही करत नाही. पन्नास मीटर लांब-रुंद, अर्धा मीटर जाड एवढीच स्लॅब धरली तरी तीनशे टन भरते. तीनशे टनांखालून माणूस काढायला दहा मिनिटं.

तेव्हा घ्या, किंवा भाड्याने मिळाले तर बघा, स्वस्त नाहीत. पण सराव करणार नसाल तर घेऊ नका. बीकनवाल्या ग्रुपला उगाच धीर येतो आणि तो एक उतार जास्त चढतो. मोबाइल बीकनजवळ ठेवला तर सिग्नल बिघडतो, शोधताना किमान अर्धा मीटर लांब किंवा सरळ बंद. आणि परदेशातून कोणी सॅटेलाइट कम्युनिकेटर आणून देतो म्हणालं तर नको म्हणा. आपल्याकडे परवानगीशिवाय ते वापरणं बेकायदा आहे.

तीव्र उतार टाळताच येत नसेल तर एका वेळी एकच जण जाईल. बाकीचे खडकाआड किंवा धारेवर, नजर त्याच्यावर. सॅकचा कमरेचा पट्टा मोकळा, पोलच्या दोऱ्या मनगटातून काढलेल्या. सगळ्यांनी रांगेत, गप्पा मारत उतार कापणं हे आपल्या ट्रेक ग्रुपचं चित्र मनातून पुसून टाका.

तुमच्या तारखांबद्दल स्पष्ट बोलतो. तारखा बदलता येत असतील तर बदला. नसतील तर बेत बदला: बकरथाच, ब्यास कुंडाकडचा भाग, आणि जमलं तर लेडी लेगपर्यंत, तेही नकाशावर वरचे उतार तपासून. शिखर यादीतून काढा. हवा, बर्फ, आभाळ सगळं जुळलं तरच शिखराचं तिथे ठरवा, आणि त्यासाठी दोन राखीव दिवस ठेवा. तुम्ही पाठवलेल्या वेळापत्रकात राखीव दिवस एकही नाही. शिखराचा दिवस ३० एप्रिल, १ मेला खाली, २ मेला पुण्यात. ३० ला ढग असले तर ‘आता एवढ्या लांब आलोय’ हे वाक्य तुमच्यापैकी कोण पहिलं म्हणणार ते आत्ताच एकमेकांना विचारून ठेवा. माझ्या ग्रुपमध्ये ते वाक्य बहुतेक वेळा मीच म्हटलंय, म्हणून आता फिरायचा निर्णय मी एकट्याकडे ठेवत नाही. सहापैकी कोणीही एक ‘नको’ म्हणाला की फिरायचं, कारण विचारायचं ते कॅम्पवर.

बीकन आलेच तर तळजाईच्या टेकडीवर या रविवारी सकाळी. एक बीकन डब्यात घालून पाचोळ्याखाली पुरायचा, घड्याळ लावायचं. माझे नवे ग्रुप पहिल्यांदा वीस मिनिटं घेतात, भांडतात, मग चौथ्या रविवारी पाचवर येतात. फिरायला आलेले आजोबा काय हरवलं म्हणून विचारतात, त्यांना खरं सांगायचं. एकदा एक जण प्रोब धरून मदतीलाही आले होते.